वीतभर लांब पलंग

बोरीच्या आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण ते कुणी बघत नसे. घराला लागूनच गिरणी होती आणि घरातलं सगळं एंजिनाच्या आवाजावर चालायचं. अप्पा सकाळी लिंगपूजा उरकून, कपाळावरचं भस्म तसंच ठेवून एंजिनाचं हँडल मारायचे. पहिली डुगडुग ऐकू आली की आई चुलीवर तवा टाकायची. एंजिन बंद पडलं की जेवण. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, आणि या सगळ्यावर पिठाचा एक बारीक थर, तो कितीही झाकलं तरी बसायचाच. आमच्याकडची आमटी दाट असायची त्याची कारणं दोन होती, येसराचं भाजलेलं पीठ आणि हे उडतं पीठ. सोमवारी महादेवाचा वार म्हणून गिरणी बंद असे, आणि बरोबर त्याच दिवशी घरात प्रत्येकाचं काहीतरी बिनसायचं. आवाज नसला की माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येतं, आणि ते आमच्या घराला मानवत नसे.

घरात हुकूम चालायचा आत्याचा. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेली, आणि तेव्हापासून गिरणी सोडून बाकीचं सगळं तिच्या ताब्यात. अप्पा तिला आक्का म्हणत आणि तिच्यापुढं आवाज चढवत नसत. आई तर तिच्यापुढं आवाजच काढत नसे. माझा थोरला भाऊ, महादूदादा, ताडासारखा उंच आणि तितकाच गप्प. गिरणीवर तो डबे ओतायचा, पीठ भरायचा, आणि कुणी काही विचारलं तर आधी समोरच्याकडं बराच वेळ बघायचा. लोकांना वाटायचं तो विचार करतोय. आम्हा घरच्यांना तसा भ्रम नव्हता.

मी परभणीला तंत्रनिकेतनात होते, मेकॅनिकलला. त्या काळी मुलीनं मेकॅनिकल घेणं म्हणजे काय, हे आता समजावून सांगणं अवघड आहे. अप्पांनी परवानगी दिली ती स्त्रीशिक्षणाच्या कळवळ्यानं नव्हे. त्यांचा समज असा की मेकॅनिकल शिकलेलं माणूस घरात असलं की एंजिन दुरुस्तीला जिंतूरला जावं लागत नाही. पहिल्या वर्षी सुट्टीत आले तेव्हा त्यांनी मला एंजिन उघडून दिलं. मी त्यांना म्हटलं, अजून आम्हाला फक्त चित्रं काढायला शिकवलंय. त्यांनी एंजिन पुन्हा बंद केलं आणि त्या विषयावर नंतर बोलले नाहीत.

दादाचं लग्न ठरलं ते देवगाव फाट्याजवळच्या मुलीशी. कमल तिचं नाव. बैठकीत देण्याघेण्याचं बोलणं झालं तेव्हा आत्यानं पलंग मागितला. सागवानी, उशाला आरसा असलेला. "आन लांबीला चांगला पायजे," ती म्हणाली, "आमच्या पोराची उंची बघा की जरा. पाय भाईर लोंबकळले तर बरं दिसंल का?" मुलीचे वडील सज्जन माणूस. त्यांनी दादाकडं खालून वरपर्यंत एकदा पाहिलं आणि मान डोलावली. सुताराला त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण लग्नानंतर ट्रॅक्टरमधून जो पलंग उतरला त्यावर दादासारखे दोघे एकापुढं एक झोपले असते.

नव्या जोडप्यासाठी गिरणीशेजारची पोत्यांची खोली रिकामी केली होती. पलंग आत गेला आणि भिंतीला अडकला. आडवा टाकला तर दार उघडेना. उभा टाकला तर वीतभर जास्त. वऱ्हाडातल्या चारदोन मंडळींनी आपापल्या वितीनं मोजून पाहिलं, सगळ्यांची वीत वेगवेगळी होती पण निकाल एकच निघाला. पलंग परत पाठवणं म्हणजे व्याह्यांचा अपमान, आणि कापणं म्हणजे अपशकुन. तेव्हा आत्यानं हुकूम सोडला की भिंत सरकवा. मातीची भिंत, गवंडी गावातलाच. त्यानं ती पाडून वीतभर गिरणीच्या बाजूला नवी घातली. त्या भिंतीला खेटूनच आमचं एंजिन होतं, तेही मग लाकडी ओंडक्यांसकट वीतभर सरकवलं. एंजिन सरकलं तर पट्टा तिरपा होतो, म्हणून जाती फिरवणाऱ्या लोखंडी दांड्यावरची मोठी पुलीही अप्पांनी वीतभर बाहेर घेतली. त्यासाठी जिंतूरहून लांब टोकाचा नवा दांडा करून आणला. जाती तेवढी जागची हलली नाहीत, कारण त्यांचा पाया दगडी होता. हे सगळं हसतखेळत, लग्नाच्या उरलेल्या बुंदीवर झालं.

कमलवहिनी आल्या आणि घर थोडं बदललं. त्या गाणं म्हणत नसत, फार हसत नसत, पण काम करताना स्वतःशी बोलायच्या. पीठ मळताना पिठाला म्हणायच्या, "जरा सैल हो की बाई." मी सुट्टीला आले की मला जवळ बसवून परभणीचं सगळं विचारायच्या. तिथं मेसमध्ये भाजी कोणती, पोरं त्रास देतात का, लेथ मशीनवर साडी अडकत नाही का. धपाटे त्या इतके पातळ थापायच्या की आत्यालाही नाव ठेवता आलं नाही, आणि हे आत्याला जड गेलं असावं.

महिनाभरात दांडा तुटला. दांडा म्हणजे गिरणीतला मुख्य शाफ्ट. एंजिनाचा पट्टा त्याला फिरवतो आणि तो ज्वारीचं आणि गव्हाचं अशी दोन्ही जाती फिरवतो. मधला भाग जाड, टोकाला बारीक. बारीक भाग बेरिंगमधून बाहेर येतो आणि त्यावर पुली बसते. जिथं जाड संपून बारीक सुरू होतं, त्या पायरीवरच तो मोडला. अप्पांनी जिंतूरहून नवा करून आणला, मधला भाग आणखी जाड. "आता बघू कसा तुटतो," ते म्हणाले. तो तसाच तुटला, त्याच जागी. अप्पांनी त्याहून जाड आणला. टोक मात्र बारीकच ठेवावं लागे, कारण बेरिंग तेच होतं. लेथवाल्याला त्यांची ताकीद असायची की पायरीचा कोपरा कसा सुरीसारखा पाहिजे, गोलाई दिसली तर माल परत. असा आमचा दांडा मध्ये लठ्ठ होत गेला आणि टोकाला होता तसाच राहिला. अप्पांचंही त्या वयात तसंच झालं होतं, पण ते तुटले नाहीत.

तिसऱ्या वेळी पुली निखळून आईच्या अगदी अंगाजवळून गेली आणि दारातल्या पोत्यात घुसली. आई वाचली. ती बराच वेळ पोत्याकडं बघत बसली आणि मग म्हणाली की ज्वारी सांडली. त्या दुपारी आत्यानं पहिल्यांदा उघड बोलून दाखवलं. "ही घरात आल्यापास्नं सुरू झालंय हे. आधी कंदी तुटला व्हता का? पांढऱ्या पायाची हाय पोर. आज दांडा तुटला, उद्या कुनाचं काय तुटंल, सांगता येतंय का?" दादा आत्याकडं बघत राहिला. वहिनी चुलीपुढं होत्या, त्यांनी भाकरी उलटली.

मला इथं थांबून एक सांगितलं पाहिजे. आत्याचं निरीक्षण चूक नव्हतं. लग्नाआधी दांडा खरंच कधी तुटला नव्हता आणि लग्नानंतर तुटतच होता. पुढं मी पुण्याच्या एका कारखान्यात डिझाईनच्या कामावर आयुष्य काढलं, तिथं भारी पगाराची माणसं याहून लंगड्या पुराव्यावर याहून मोठे निष्कर्ष काढताना मी पाहिली. आत्या निदान बारकाईनं बघायची.

दिवाळी जवळ आली. पहिली दिवाळी माहेरी, ही रीतच आहे. सून माहेरी जाते आणि दिवाळसणाला जावई मागून जातो. वहिनींचे वडील न्यायला आले तेव्हा आत्यानं साड्यांबरोबर वहिनींची लोखंडी ट्रंकही बाहेर काढून ठेवली. सणाला कुणी ट्रंक नेत नाही. वहिनींनी ट्रंकेकडं पाहिलं, मग दादाकडं. दादा पीठ भरत होता. त्यांनी ट्रंक उचलायला वडिलांना हात दिला. दिवाळसणाला दादा गेला नाही. जावई गेला नाही, एवढं कळलं की गावात पुढचं कुणाला सांगावं लागत नाही.

मी दिवाळीला घरी आले तेव्हा अनारसे होते, करंज्या होत्या आणि वहिनी नव्हत्या. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तू जेव आधी." मी जेवले आणि गिरणीत गेले. कोपऱ्यात तुटके दांडे टेकवून ठेवले होते. अप्पा लोखंड टाकून देत नसत. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं, म्हणून मी एक दांडा उचलून त्याचं तुटकं तोंड बघत बसले. त्याच महिन्यात वर्गात सरांनी असंच एक तोंड दाखवलं होतं. बराचसा भाग गुळगुळीत, त्यावर आटत्या हौदाच्या काठाला पाणी रेघा सोडतं तशा रेघा, आणि एका बाजूला थोडासाच भाग फोडलेल्या गुळासारखा खरबरीत. म्हणजे दांडा एका दणक्यात तुटला नव्हता. पायरीच्या कोपऱ्यात आधी केसाएवढी चीर पडली, ती फिरताफिरता आत सरकत गेली, आणि उरलेला खरबरीत तुकडा शेवटी एकटाच भार सोसत होता, तो गेला.

मग मी टेप घेतला आणि मोजलं. गणित अगदी साधं होतं. पट्टा दांड्याला खाली ओढतो, ती ओढ साधारण सव्वादोनशे किलो निघाली. ही ओढ बेरिंगपासून जितकी लांब, तितकी दांड्याला जास्त वाकवते. पूर्वी पुली बेरिंगपासून दहा सेंटिमीटरवर होती, आता पस्तीसवर. वाकवणारा जोर साडेतीन पट झाला. त्याला बारीक टोकाच्या जाडीच्या घनाचा हिशेब लावून भागायचं. टोक चार सेंटिमीटर जाड, म्हणजे आधी ताण चौरस सेंटिमीटरला साडेतीनशे किलो होता तो सव्वाबाराशे झाला. आणि कोपरा सुरीसारखा असला की ताण तिथं गर्दी करतो, अडीच पट धरा. तीन हजारांच्या वर गेला. दांडा फिरतो म्हणजे प्रत्येक फेऱ्यात त्याची वरची बाजू खाली येते, खालची वर जाते. एकदा ताण, एकदा दाब, दिवसभर. आपलं लोखंड असलं सोसायचं ते दोन हजारांच्या आसपास. मधला भाग अप्पांनी खांबाएवढा केला असता तरी उपयोग नव्हता, कारण भागाकारात तो येतच नव्हता.

आता माझ्या भावाचा नातू हेच संगणकावर करतो. दांड्याचं चित्र काढतो, बटण दाबतो, आणि पायरीचा कोपरा लालभडक होतो. परवा मला दाखवत होता. मी म्हटलं, छान आहे. त्यात पलंग कुठं दाखवतात, हे विचारायचं मी टाळलं.

कारण खरी पंचाईत पुढं होती. गणित बरोबर होतं, पण ते सांगायचं कुणाला? अप्पांपुढं कागद धरला तर ते म्हणाले, "हे मला कशाला दाखवतीस? आक्काला दाखव." आत्याला अक्षर येत नव्हतं आणि ती गोष्ट तिनं कधी लाजिरवाणी मानली नव्हती. शेवटी सोमवारी दुपारी, गिरणी बंद असताना, मी पायलीचं माप ज्वारीनं शिगोशीग भरलं आणि तिच्या हातात दिलं.

"हे छातीशी धर आत्या."

"काय करायलीस तू? खुळी झालीस का?" असं म्हणत तिनं धरलं.

"जड हाय का?"

"हॅ. ह्याला काय जड म्हनत्यात व्हय?"

"आता हात लांब करून धर."

तिनं हात लांब केला. आत्या हट्टी, खाली ठेवायला तयार नाही. थोड्या वेळात हात थरथरायला लागला आणि ज्वारीचे दाणे टपटप पडू लागले. अप्पा दारात उभे राहून बघत होते.

"कुठं दुखायलंय? हातात?"

"खांद्यात दुखतंय ना! घे हे आधी."

मी पायली घेतली. "ज्वारी तेवढीच हाय. लांब धरली म्हणून खांदा दुखला. पुली वीतभर लांब गेली म्हणून दांडा खांद्यात तुटतोय."

आत्या खांदा चोळत बसली. ती मुळात हुशार बाई होती, तिला पुढचा रस्ता दिसायला लागला आणि तो तिला आवडला नसावा, तरी तिनं विचारलं, "मंग पुली लांब कशापायी घेतली?"

"एंजिन सरकलं म्हणून," अप्पा म्हणाले.

"एंजिन का सरकलं?"

"भिंत सरकली म्हणून."

त्यानंतर तिनं काही विचारलं नाही. पलंग कुणी मागितला होता हे चौघांनाही ठाऊक होतं. चौथी आई. ती आतून ऐकत होती, आणि इतका वेळ तिच्या बांगड्या वाजल्या नव्हत्या. अप्पांनी घसा खाकरून दुसरी वाट काढायचा प्रयत्न केला. पुलीच्या पलीकडं आणखी एक बेरिंग बसवता येईल का? मी म्हटलं येईल, पण ते नेमकं दारात येतं आणि बाया डबे घेऊन तिथूनच आत येतात. आत्या उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "म्हंजे पलंगाचाच पाय पांढरा म्हना की."

सुतार आला. पलंग वीतभर कापला गेला, भिंत आणि एंजिन पूर्वीच्या जागी आले, पुली बेरिंगजवळ आली आणि नव्या दांड्याच्या पायरीला मी गोलाई द्यायला लावली. लेथवाल्यानं अप्पांकडं पाहिलं, अप्पांनी आढ्याकडं. एंजिन सुरू करायच्या आधी आत्यानं महादेवाला रुद्राभिषेक घातला. त्यामुळं दांडा कशानं टिकला याबद्दल बोरीत आजही दोन मतं आहेत, आणि माझ्या मताला फारसे लोक नाहीत.

मला वाटलं आता वहिनींना आणतील. पण आत्या म्हणाली, "घाई कशाची? संक्रांतीपर्यंत चालू द्या. टिकला तर आना." हे तिनं इतक्या समंजसपणे सांगितलं की अप्पांनाही ते रास्त वाटलं. मला तेव्हा संताप आला, तो आजही येतो. एक बाई माहेरी बसून होती आणि तिच्या वतीनं एक लोखंडी दांडा परीक्षेला बसला होता. परभणीला परत जाऊन मी ते गणित पुन्हा केलं. सरांना विचारून केलं, ओढ जास्त धरून केलं, लोखंड हलकं धरून केलं. प्रत्येक वेळी दांडा वाचत होता. तरी अप्पांचं पोस्टकार्ड आलं की आधी मी शेवटची ओळ वाचायची.

दांडा टिकला. संक्रांतीला सून घरी असावी म्हणून भोगीच्या आधीच आम्ही निघालो, अप्पा, दादा आणि मी. बोरीहून जिंतूर आणि जिंतूरहून दुसऱ्या एसटीनं देवगाव फाटा. वहिनी अंगणात मूग पाखडत होत्या. वाळल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, पाणी आणून दिलं, अप्पांच्या पाया पडल्या. त्यांचे वडील आणि अप्पा आत जाऊन पीकपाण्याचं बोलू लागले, कारण दुसरं काही बोलणं दोघांनाही झेपलं नसतं. मी मात्र वहिनींना सगळं सांगून टाकलं. ओढ, अंतर, कोपरा, पायली, आत्याचा खांदा. अंगणातल्या मातीत काडीनं दांडा काढून दाखवला. मला वाटत होतं की मी त्यांची निर्दोष सुटका घेऊन आले आहे. त्यांनी शेवटपर्यंत नीट ऐकलं.

"म्हंजे माझा काई दोष नव्हता," त्या म्हणाल्या.

"अजिबात न्हाई!"

"ते मला ठाव व्हतं, ताई." त्यांनी मातीतल्या दांड्याकडं पाहिलं. "पन ह्या बारीलाबी तुटला असता, मंग?"

मी म्हटलं, तुटणं शक्यच नव्हतं. गणितच तसं होतं.

"तुमचं गनित चुकलं असतं, तर मी हितंच राह्यले असते न्हव का?"

त्यांना उत्तर माझ्याकडून नकोच होतं. त्या दादाकडं वळल्या. दादा लिंबाला टेकून उभा होता. "तुमी सांगा. दांडा तुटला असता तर तुमी आले असते का मला न्यायला?"

दादा बघत राहिला. त्याच्या या बघण्याला आम्ही घरचे सरावलेलो होतो, पण त्या दिवशी मला ते सोसवेना. आतलं पीकपाण्याचं बोलणंही थांबलं होतं. कोंबडी येऊन सांडलेले मूग टिपू लागली, तिला कुणी हाकललं नाही. शेवटी दादा म्हणाला, "आलो असतो."

वहिनी "बरं" म्हणाल्या आणि ट्रंक आणायला आत गेल्या.

त्याला आता किती वर्षं झाली. आत्या गेली, आईअप्पा गेले, दोन वर्षांखाली दादाही गेला. गिरणी विजेवर आली आणि मग बंद पडली. मागच्या उन्हाळ्यात मी बोरीला गेले होते. वहिनी आणि मी दुपारी ओसरीवर बसलो होतो, चहा झाला होता, आणि इतकी वर्षं जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते मी विचारलं. त्या दिवशी दादा जे बोलला, ते तुम्हाला खरं वाटलं होतं का?

"छे," वहिनी म्हणाल्या. "एवढा येळ लागतोय व्हय खरं बोलायला? खोटंच बोलले ते." त्यांनी कपबशा गोळा केल्या, उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. "पन जलमात कंदी आत्याच्या म्होरं तोंड उघडलं न्हाई त्या मानसानं. दोन एसट्या बदलून माझ्यासाठी खोटं बोलायला आला. तेवढं बास झालं मला."